खंडेनवमीची टेप

रोहिदासच्या हातून बिघडलेली वस्तू मी पन्नास वर्षांत पाहिली नव्हती. आम्ही दोघं एकाच बॅचचे अप्रेंटिस. कारखान्याच्या टूलरूममध्ये शेजारशेजारच्या बाकांवर फिटरचं काम शिकलो आणि निवृत्तही चार महिन्यांच्या अंतराने झालो. माझ्या हातून डाय फुटल्या, ड्रिलं तुटली, एकदा तर मोठ्या साहेबांचा चष्मा व्हाइसच्या जबड्यात चिरडला. त्याच्या हातून काही नाही. म्हणून गेल्या मार्चात त्याचा फोन आला आणि तो म्हणाला, "साहेबराव, माज्या हातनं लई वाईट काम झालं, राव," तेव्हा मला आधी हसूच आलं. नातवाची सायकल मोडली असेल, असं वाटलं.

"युनूसची टेप गेली," तो म्हणाला. "मीच घालवली."

मी फोन कानाला तसाच धरून खुर्चीत बसलो.

ती टेप काय होती आणि ती गेल्याने कुणाचं काय गेलं, हे सांगायला मला बरंच मागे जावं लागेल. रोहिदास कोण हेही सांगावं लागेल, कारण त्याच्यावर आजवर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत आणि मी गेल्यावर कुणी लिहील असं दिसत नाही.

रोहिदास पिंपळे गुरवचा, गावातल्या जुन्या शेतकरी घरातला. आज तिथे बिल्डिंगच्या गच्चीवर चढल्याशिवाय नदी दिसत नाही, पण त्याच्या लहानपणी नदीकाठी त्यांचा वांग्यांचा आणि गवारीचा मळा होता. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम ऐकायला म्हणून त्याच्या वडिलांनी रेडिओ घेतला. वडील बाहेर पडले की हा पठ्ठ्या काटा फिरवून सिलोन लावायचा. तिथे इंग्रजी गाणी लागत. अमेरिकेतली, विलायतेतली गिटार बडवत म्हणणारी पोरं, केसांना तेल चोपडून वर कोंबडा काढलेली. त्यांचे फोटो आम्ही नंतर पाहिले. आवाज आधी भेटला. रोहिदासला इंग्रजीचा गंध नव्हता. पण त्या गिटारीने त्याला पछाडलं ते पछाडलंच.

कंपनीत लागल्यावर पहिल्या वर्षातच त्याने गिटार करायला घेतली. विकत घ्यायची ऐपत नव्हती आणि हाताने करता येत नाही अशी वस्तू जगात असते हे त्याला मान्यही नव्हतं. पुण्यात कॅम्पातल्या वाद्यांच्या दुकानात तो तीन रविवार गेला. गिऱ्हाईक असल्याचं सोंग करून गिटार मांडीवर घ्यायचा, आणि दुकानदाराची पाठ वळली की खिशातून व्हर्नियर काढून दांड्यावरच्या पट्ट्यांमधलं अंतर मोजायचा. मी दारात पहारा करायचो. त्याने आकडे शर्टाच्या बाहीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिले होते. मग परदेशी मशीन ज्या खोक्यातून आलं त्याची फळी, पितळेच्या तारेच्या पट्ट्या, मोटर वाइंडिंगवाल्यांकडून तांब्याची बारीक तार, जुन्या स्पीकरचं लोहचुंबक. सहा महिन्यांनी ती गिटार रेडिओला जोडून वाजवली तेव्हा टूलरूमचा फोरमन ओरडायला आला आणि ऐकत उभा राहिला.

मग ग्रुप जमला. नाव ठेवलं 'दि मायक्रोमीटर्स'. नाव मीच सुचवलं होतं, आणि आजही ते मला वाईट वाटत नाही. रोहिदास गिटारीवर, फाउंड्रीतला एक जण ड्रमवर, मी मायक्रोफोनची वायर सांभाळायला आणि फुकटचे सल्ले द्यायला. गायला पेंट शॉपचा युनूस.

युनूसच्या वडिलांचं पिंपरीत ट्रकच्या दुरुस्तीचं गॅरेज होतं. हा सडसडीत, लाजरा, चारचौघांत मान वर करून बोलायचा नाही. पण गायला उभा राहिला की कँटीनमधली भांडी घासणारी माणसं नळ बंद करून ऐकत. कॅम्पातल्या एका इराण्याच्या हॉटेलात नाणं टाकलं की रेकॉर्ड वाजवणारं यंत्र होतं. आम्ही पगाराच्या दिवशी तिथे जाऊन एकेक गाणं दहादहा वेळा ऐकायचो. युनूस डोळे मिटून बसायचा आणि परत येताना सायकलवर ते जसंच्या तसं म्हणायचा. जसंच्या तसं, पण एक खोड होती. एका संथ गाण्यात, ज्याचं नाव आम्हाला तेव्हाही धड सांगता येत नव्हतं, तिसऱ्या ओळीच्या मध्यावर तो रेकॉर्डपेक्षा एक ठोका जास्त थांबायचा. श्वास घ्यायचा आणि मग पुढे जायचा.

यावरून त्याची आणि रोहिदासची रोजची भांडणं. रोहिदासला शतांश मिलिमीटरची चूक सहन होत नव्हती, तिथे अख्खा ठोका!

"आरं, रेकॉर्डवाला थांबत न्हाई तितं. तू का थांबतुस?" तो म्हणायचा.

"मला तिथं थांबावंसं वाटतं," युनूस म्हणायचा. एवढंच. मग पुन्हा गाणं सुरू, आणि पुन्हा तो तिथेच थांबायचा. रोहिदासची गिटार पुढे निघून गेलेली असायची.

एकाहत्तर साली खंडेनवमीला कँटीनमध्ये आमचा कार्यक्रम झाला. कारखान्यात खंडेनवमी म्हणजे काय, हे ज्याने मशीनवर काम केलं नाही त्याला सांगून कळणार नाही. त्या दिवशी मशीन बंद. आदल्या दिवशी पुसून, तेल देऊन चकाचक करायचं, मग झेंडूची माळ, हळदकुंकू, आणि बाकावर आपापली हत्यारं मांडून त्यांना नमस्कार. हत्यारांनी त्या दिवशी विश्रांती घ्यायची. घरची माणसं, पोरंबाळं आमचं काम बघायला येत. युनूस आपल्या स्प्रे गनला स्वतःच्या हाताने माळ घालायचा. ट्रेनिंग विभागात एक स्पूलचा टेपरेकॉर्डर होता, मोठ्या बशीएवढ्या चकत्यांचा. तो मी साहेबांच्या पाया पडून मागून आणला, आणि त्या संध्याकाळची सहा गाणी त्यावर उतरली. ते संथ गाणं शेवटचं होतं. मायक्रोमीटर्सचं एवढंच रेकॉर्डिंग झालं, आणि ती टेप रोहिदासकडे राहिली.

पुढे ओव्हरटाइम आले, लग्नं झाली, ग्रुप विरला. त्याचं कुणाला फार दुःख झालं नाही, तसंच होतं. दुःख पुढचं आहे. शहाऐंशी साली युनूसच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हा तो सदतीस वर्षांचा, आणि त्याची मुलगी ताहेरा चार वर्षांची.

मी दवाखान्यात गेलो होतो. गळ्याला पांढरा रुमाल, मांडीवर शाळेतली पाटी. रोहिदास पलंगाच्या कडेला बसला होता. युनूसने पाटीवर लिहिलं, "ती टेप तुझ्याकडे आहे?" रोहिदासने मान हलवली. युनूसने पुसलं आणि लिहिलं, "मी आहे तोवर वाजवू नको. टाकूनही देऊ नको."

"तुजी अमानत हाय," रोहिदास म्हणाला. "हात न्हाई लावत."

युनूसला कंपनीने स्टोअरमध्ये घेतलं. पुढची जवळजवळ सगळी वर्षं तो पाटीवरच बोलला. कुणाला हाक मारायची तर पाटीच्या लाकडी चौकटीवर पेन्सिल वाजवायचा.

मी रोहिदासला दोनदा सांगितलं होतं की ती टेप निदान कॅसेटवर उतरवून ठेव. "उतरवायची म्हंजे वाजवायचीच की," तो म्हणाला, आणि विषय संपला. शब्द म्हणजे शब्द. असल्या माणसाशी वाद घालणं म्हणजे आपलंच रक्त आटवणं.

टेप त्याने घरी हत्यारांच्या पेटीत ठेवली, पत्र्याच्या गोल डब्यात. आणि दर खंडेनवमीला, नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही, तो घरी बाकावर हत्यारं मांडायचा: व्हर्नियर, मायक्रोमीटर, कानशी, ती गिटार, आणि तो डबा. मी पेढ्यांसाठी दरवर्षी हजर असायचो. सगळ्याला हळदकुंकू, सगळ्याला फूल.

युनूस गेल्या वर्षी नोव्हेंबरात गेला. झोपेतच गेला, त्रास झाला नाही. चाळिसावा झाल्यावर ताहेरा रोहिदासच्या घरी आली. मीही तिथेच होतो. आता बेचाळीस वर्षांची बाई, थेरगावात डांगे चौकाजवळ तिचं शिवणकामाचं दुकान आहे. तिने पर्समधून वहीचा कागद काढला. शेवटच्या वर्षी पाटी धरवत नव्हती म्हणून युनूस वहीत लिहायचा. कागदावर एकच ओळ होती: "रोहिदासकडून माझा आवाज घे."

"काका, मला अब्बांचा आवाज आठवत नाही," ती म्हणाली. "चार वर्षांची होते. अम्मी सांगायची, तुला मांडीवर घेऊन गायचे. मी लई आठवून बघते. ओठ हलताना दिसतात, आवाज येत नाही."

रोहिदासचा चेहरा उजळला होता. चाळीस वर्षं सांभाळलेली वस्तू आता मालकाच्या हाती जाणार होती. "आगं, हाय की माज्यापाशी! जशीच्या तशी हाय. मशीन तेवढं मिळू दे, तुला सगळी गाणी ऐकवतो." जाताना ताहेराने वाकून त्याच्या पायांना हात लावला. तसं ती कधी करत नसे.

स्पूलचं चालू मशीन मिळायला तीन महिने गेले. चिंचवड स्टेशनजवळ जुने टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे चिमाजी म्हणून एक वयस्कर कारागीर आहेत, त्यांच्याकडे एक निघालं. रोहिदास एकटाच गेला; आधी वाजवून बघू, मग ताहेराला नेऊ, असा त्याचा बेत होता. तिथूनच तो फोन आला.

मी रिक्षा करून चिमाजींच्या दुकानात पोहोचलो. रोहिदास स्टुलावर बसला होता, हात गुडघ्यांवर. चिमाजींनी डबा माझ्यापुढे सरकवला. आत तपकिरी लगदा लागलेली टेप होती, वेढे एकमेकांना चिकटलेले. त्यांनी कापसाचा बोळा फिरवून दाखवला. बोळ्यावर गडद तपकिरी चिखल आला आणि खालची पट्टी काचेसारखी स्वच्छ झाली.

"हा चिखल म्हणजेच आवाज," चिमाजी म्हणाले. "पट्टीवर लोखंडाची भुकटी डिंकानं बसवलेली असते. डिंक सुटला. तीन ठिकाणी वाजवून बघितलं, नुसती खरखर. पण साहेब, हिला तेल कुणी पाजलं?"

रोहिदासने वर बघितलं नाही. "मी," तो म्हणाला. "दर खंडेनवमीला दोन थेंब. लोखंड हाय म्हनून ऐकलं व्हतं. लोखंड गंजल म्हनून."

आता मला सांगा, दुसरा कुठला माणूस ही चूक करेल? टेप अडगळीत फेकणाऱ्याची टेप कदाचित वाचली असती. टूलरूमच्या माणसाला जीव लावायची एकच रीत ठाऊक: पुसायचं, तेल द्यायचं, मेणकागदात गुंडाळायचं. आणि खरं सांगायचं तर तेलाची ती छोटी बुधली डब्याशेजारी मी दरवर्षी बघत होतो. पेढा खात बघत होतो. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण मीही त्याच टूलरूमचा. याची टोचणी मला आहे आणि राहील.

परतताना मी म्हणालो, "पोरीला सांगू, टेप जुनी झाली, हवेनं गेली. खोटं तरी कुठे आहे?"

"खोटंच हाय त्ये," रोहिदास म्हणाला. "तिच्या बापाचा आवाज मी घालवला. मीच सांगनार."

आठ दिवस तो नीट जेवला नाही. नवव्या दिवशी सकाळी आम्ही थेरगावला गेलो. त्याने डबा पिशवीत घेतला होता आणि खांद्याला गिटार. गिटार कशाला, असं मी विचारलं नाही. मला वाटतं, रिकाम्या हाताने जायची त्याला लाज वाटत असावी.

ताहेराचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शिवणयंत्र, शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे, भिंतीवर खिळ्याला टांगलेली युनूसची पाटी. तिने आम्हाला बघितलं, पिशवी बघितली, आणि घाईघाईने मांडीवरचं कापड बाजूला केलं. तिचे डोळे भरून आले होते. त्या क्षणी मला तिथून पळून जावंसं वाटलं.

रोहिदास बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं. डबा, खंडेनवमी, तेल, चिमाजी. काही लपवलं नाही, काही गाळलं नाही. शेवटी डबा यंत्रावर ठेवला आणि म्हणाला, "पोरी, मला माफ कर आसं म्हनायलाबी तोंड न्हाई."

ताहेराने डबा उघडला. बोटाने लगद्याला स्पर्श केला आणि बोटाकडे बघत राहिली. बाहेरून पीएमपीची बस गेली, खिडकीची काच थरथरली. ती रडेल, ओरडेल, आम्हाला जा म्हणेल, असं मला वाटलं. तसं तिने केलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

"दरवर्षी?" तिने विचारलं.

"दरवर्षी."

तिने पदराने बोट पुसलं. पुसताना थांबली, आणि पदराला लागलेला तो तपकिरी डाग मुठीत धरला. मग म्हणाली, "काका, बसा. अब्बा गायचे तेव्हा तुम्ही काय वाजवायचात, ते तरी ऐकवा. तेवढं तरी कळू दे मला."

रोहिदास स्टुलावर बसला. गिटारीचे कान पिळून तारा लावल्या. त्या तारांवर गंजाचा ठिपका नव्हता, त्याच तेलाने त्या चाळीस वर्षं लखलखीत ठेवल्या होत्या. बोटं आखडलेली, पहिले सूर घसरले. मग हात सापडत गेला. ते शेवटचं, संथ गाणं त्याने धरलं. सुरुवातीची एकट्या गिटारीची ओळ वाजवली, आणि जिथे युनूस सुरू करायचा तिथे हात हलका करून नुसता ठेका धरला. युनूसची जागा त्याने मोकळी सोडली. मला ती मोकळी जागा ऐकवेना. मी पाटीकडे बघत बसलो.

पहिली ओळ तशीच रिकामी गेली. दुसऱ्या ओळीला टकटक ऐकू आली. ताहेराच्या मधल्या बोटात शिवताना घालायची टोपी होती, आणि ते बोट यंत्राच्या लाकडी कडेवर वाजत होतं. तिचं तिकडे लक्ष नव्हतं, ती गिटारीकडे बघत होती. ठोके तालाचे नव्हते. लांब, आखूड, दोन जवळजवळ, मग एक लांब: युनूसचे शब्द जिथे जिथे पडायचे, नेमके तिथे पडत होते.

रोहिदासने मान वर केली. हात थांबवला नाही.

"हे तुला कुनी शिकवलं?" त्याने विचारलं.

ताहेराने दचकून स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. "कुणी नाही. हे... अब्बा रोज सकाळी पाटीवर वाजवायचे. चहा उकळेपर्यंत. अम्मी म्हणायची, किती ती घाई, उकळू तर द्या."

"रोज?"

"रोज. मरेपर्यंत. पाटी धरवेना तेव्हा पलंगाच्या कडेवर."

"मग वाजव, पोरी. थांबू नगं."

ती वाजवू लागली. रोहिदासने ओळ पहिल्यापासून धरली. आता ती जागा रिकामी नव्हती. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर तिचं बोट वर उचललं गेलं आणि तिथेच राहिलं, एक ठोका जास्त.

रोहिदास आयुष्यात पहिल्यांदा तिथे थांबला. डोळ्यांतलं पाणी त्याने पुसलं नाही, कारण दोन्ही हात गिटारीवर होते. त्याने ताहेराचं बोट खाली येण्याची वाट पाहिली, ते आलं, आणि मग दोघं मिळून पुढे गेले.